लाल ट्रंकेतला मसुदा

गुहागर

चि. सौ. सोनू,

परवा तलाठी कचेरीत घरपड्याच्या फेरफाराची चौकशी करावयास गेलो असता, ‘तुमचे धाकटे बंधू खालच्या वाडीचा सातबारा घेऊन गेले, पतपेढीत तारण ठेवायची म्हणत होते,’ असे कोतवालाने मला सहज बोलता बोलता सांगितले. आणि ज्या वाडीची एकेक पोफळ आप्पांनी रहाटाच्या पाण्यावर वाढवली ती गहाण पडणार, हे मला परक्याच्या तोंडून कळावे, याचे इतके दुःख झाले की रात्री अन्न गोड लागले नाही. तुझा बाप वसंता माझ्याशी अवाक्षर बोलला नाही. तूही लिहिले नाहीस. मी रागावलो आहे, हे आधीच सांगून मोकळा होतो.

तू चाळिसाव्या वर्षी परिचारिकेचे शिक्षण घेऊ इच्छितेस, याबद्दल माझी तक्रार नाही. माईच्या शेवटच्या आजारात तिची कूस बदलताना तुझा हात कसा चाले, ते मी पाहिले आहे. तक्रार आहे ती तारखेची. तुमचा इंग्लंडात राहण्याचा परवाना मुदतीचा आहे; जावईबापूंच्या नोकरीवर तो अवलंबून आहे, आणि कायम वास्तव्याचा अर्ज करण्याइतकी पाच वर्षे भरावयास येता फेब्रुवारी उजाडेल. ‘या सप्टेंबरातच प्रवेश घ्या, कायमचा शिक्का बसला की फी आपोआप उतरेल,’ असे कोणा प्रवेश-सल्लागाराने तुला सांगितल्याचे वसंताकडून काल खोदून खोदून काढले, तेव्हा मात्र मी चष्मा पुसून तिकडचे नियम स्वतः वाचावयास बसलो. ज्याने जिल्हा कोषागारात चौतीस वर्षे मुदती तपासल्या, त्याला एवढे जमू नये काय?

इंग्लंडात पदवीच्या विद्यार्थ्याची फी देशी की परदेशी, हे तो किती वर्षे कर भरतो किंवा त्याची मुले कोणत्या शाळेत जातात यावर ठरत नाही. अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे शरद ऋतूत सुरू होणाऱ्या वर्गांसाठी १ सप्टेंबरला, त्याच्या हाती कायम वास्तव्याचा हक्क असावा लागतो, आणि त्यामागची तीन वर्षे तो तेथेच, केवळ शिक्षणाच्या निमित्ताने नव्हे, राहत असावा लागतो. तुझी तीन वर्षे केव्हाच झाली. उणा आहे तो कायम वास्तव्याचा दाखला. तो पाच महिने उशिरा आला, तर मधल्या काळात फी उतरत नाही. तिन्ही वर्षे परदेशी दरानेच भरावी लागतात. देशी विद्यार्थ्याच्या फीला कायद्याची कमाल मर्यादा आहे, २०२५-२६ साठी ती ९,५३५ पौंड होती. परदेशी दराला मर्यादाच नाही, आणि तो अनेक ठिकाणी दुपटीच्या वर जातो. शिवाय सरकारी शिक्षणकर्ज, जे परिचर्येसाठी पूर्वी पदवी घेतलेल्यांनाही मिळू शकते, आणि २०२० पासून परिचर्येच्या विद्यार्थ्यांना मिळणारे वार्षिक ५,००० पौंडांचे अनुदान, या दोहोंची दारेही त्याच दाखल्यावाचून बंद राहतात. पाच महिन्यांच्या घाईपायी वाडी! सोनू, मी हे पुन्हा पुन्हा लिहितो, कारण रात्रीसुद्धा तीच तारीख डोळ्यांपुढे येते.

एक वर्ष थांब, एवढेच ठासून लिहावे म्हणून बसलो होतो. पण कोणाला ‘थांब’ म्हणणे किती सोपे असते, हे मलाही ठाऊक आहे. २०२५ च्या मे महिन्यात तिकडच्या सरकारने कायम वास्तव्यासाठी पाच वर्षांची दहा करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा तुझ्या छातीत धस्स झाले असेल. पन्नाशीकडे झुकल्यावर शिकावयास कोण बसवील, असे वाटले असेल. त्या भीतीनेच तू धावलीस, हे मला आता उमजते. कालपर्यंत मी त्याला हट्ट म्हणत होतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुझ्या काकूलाही पुरती ठाऊक नाही. १९७९ साली मला तिकडच्या एका विद्यापीठात पुढच्या वर्षासाठी संख्याशास्त्राचा प्रवेश मिळाला होता. त्याच सुमारास तेथल्या नव्या सरकारने जाहीर केले की १९८० च्या हंगामापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांनी शिक्षणाचा संपूर्ण खर्च स्वतः सोसावा. वर्तमानपत्रातली ती चार ओळींची बातमी मी कचेरीत वाचली, दुपारी घरी आलो, आणि आप्पांना म्हणालो, ‘मला जावेसे वाटत नाही.’ आप्पा सुपारी कातरत होते. ‘बरे’ एवढेच म्हणाले. पुढची कित्येक वर्षे मी मनाशी धरून बसलो की त्यांना माझे जाणे नकोच होते. ते गेल्यावर लाल ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी धोतराच्या घडीत स्टॅम्पाचा कागद निघाला. खालच्या वाडीच्या गहाणखताचा मसुदा, चतुःसीमांसह, मोडीवळणाच्या त्यांच्या अक्षरात. खाली सहीसुद्धा केलेली. त्यांनी मला विचारले नाही, मी त्यांना खरे सांगितले नाही. वाडी वाचली. पण एका संध्याकाळी आम्ही बापलेक ओटीवर बसून बोललो असतो तर, हा विचार आजही मला सोडत नाही.

म्हणून वसंतावरचा माझा राग उतरला आहे. त्याने आप्पांचेच केले. तू त्याला आज फोन कर. नवा प्रस्ताव तुम्हाला कितपत लागू पडतो हे तिकडच्या परवानाधारक सॉलिसिटरकडून आणि फी कोणत्या दराने लागेल हे विद्यापीठाकडून, दोन्ही लेखी घे. तोंडी शब्दावर पैसा भरू नकोस. आणि थांबावे लागले तर ते वर्ष फुकट जात नाही, एखाद्या शुश्रूषागृहात काम धरता येईल.

एवढे सगळे पाहूनही तुला याच सप्टेंबरात जावेसे वाटले, तर मला कळव. वरच्या वाडीचा सातबारा माझ्या नावे आहे. वसंताला एकट्याला पतपेढीची पायरी चढू देणार नाही.

काकूने आमसुले उन्हात घातली आहेत. पुढच्या महिन्यात कोणी येणारे असेल तर त्याच्याबरोबर धाडतो. रात्रपाळीहून येणाऱ्या जावईबापूंना गरम सार करून दे, आणि तूही जेवत जा. मागल्या वेळी फोनवरच्या चित्रात गाल फार बसलेले दिसले.

तुझा,
भाऊकाका