गाडी लागते, तशी गेम लागते

लहानपणी आंबोलीचा घाट चढताना एसटीत मला हमखास गाडी लागायची. चाळिशीत मुलासोबत माइनक्राफ्ट खेळायला बसले आणि दहा मिनिटांत तीच मळमळ, कपाळावर तोच गार घाम. खुर्ची तर जागची हललीही नव्हती. वर्षभरात जे उमगलं ते लिहून ठेवते.

१. हे मनाचे खेळ नाहीत. घाटात पुस्तक वाचताना कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते ‘हलतोय’, डोळे म्हणतात ‘स्थिर’. गेममध्ये बरोबर उलटं होतं. भांडण तेच.

२. सेटिंगमध्ये आधी ‘व्ह्यू बॉबिंग’ बंद करा. चालताना पावलागणिक हिंदकळणारं दृश्य स्थिर होतं. माझा निम्मा त्रास इथेच गेला.

३. मग एफओव्ही, म्हणजे एका वेळी किती अंशांतलं दृश्य दिसतं ते. माइनक्राफ्टमध्ये तो मुळात ७० असतो. मॉनिटर हातभर अंतरावर असला की दुर्बीण डोळ्यांना लावून चालल्यासारखं वाटतं. मी हळूहळू ८५ वर आले. टीव्हीवर, लांब सोफ्यावरून खेळताना मात्र ७०च बरा. धावायला लागलं की हा कोन आपोआप बदलतो, तेही ‘एफओव्ही इफेक्ट्स’ शून्यावर नेऊन थांबवलं.

४. नजरेला टेकू हवा. गच्च्यांवरून उड्या मारत पळायच्या ‘मिरर्स एज’ (२००८) या गेममध्ये पडद्याच्या मधोमध बारीक ठिपका ठेवला होता, तो याचसाठी. माइनक्राफ्टमध्ये मी वळताना मधल्या अधिकच्या खुणेवरून नजर हलवत नाही.

५. दुसऱ्याचा खेळ शेजारी बसून बघणं मला सर्वांत जड जातं. घाटात ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही. पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं; शेजारी बसून बघणाऱ्याला नसतं.

६. पहिली जांभई ही मळमळीची चाहूल; ती आली की थांबायचं. एकदा ‘एवढी गुहा संपू दे’ म्हणत मी अर्धा तास रेटलं. उलटी झाली, संध्याकाळ अंथरुणात गेली, आणि मुलगा दाराशी गप्प उभा राहिला. आपल्यामुळे आई आजारी पडली, असं त्याला वाटत होतं. ते मला मळमळीपेक्षा जास्त लागलं.

आता तोच मधूनमधून विचारतो, “आई, जांभई आली का?” आली म्हटलं की एफ-५ दाबून देतो. दृश्य पाठीमागे सरकतं, माझी बाहुली समोर दिसते, आणि तिला सावकाश चालवत मी आम्ही बांधलेल्या घरापर्यंत आणून सोडते.