गिरणगाव पायी पाहायचं तर

मी मूळचा पिंपळगाव राजाचा. आमच्या वऱ्हाडात पोळ्याला तोरणाखाली झडत्या रंगतात आणि कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी चालतात. कधी काय गायचं, हे शेतीच्या हंगामावर ठरलेलं. नोकरीनिमित्त मुंबईत परळला आलो आणि लालबाग, चिंचपोकळी, करी रोडच्या गल्ल्या पायाखाली घातल्या, तेव्हा तिथंही हाच हिशेब दिसला. हंगामाच्या जागी गिरणीची पाळी, एवढाच फरक. फिरता फिरता जे हाती लागलं ते असं :

१. आधी गिरणीचा, पाळी बदलल्याचा भोंगा समजून घ्यावा. गिरणी तीन पाळ्यांत चालायची आणि एका खोलीत माणसंही पाळीपाळीनंच झोपायची. ज्याची झोपायची वेळ नाही तो चाळीच्या चौकात, ओट्यावर किंवा नाक्यावर. भजन, नाटकाची तालीम, कॅरम, युनियनची सभा हे सगळं रस्त्यावर आलं, कारण आत पाय पसरायला जागा नव्हती. या वस्तीची ‘रस्त्यावरची संस्कृती’ असं कौतुकानं लिहितात, तेव्हा ही अडचण कोणी सांगत नाही.

२. माणूस कुठल्या गावचा, हे विचारल्याशिवाय गाणं कळत नाही. कोकणातल्या गावकऱ्यांनी डबलबारी आणली, शक्ती-तुरा आणला. दोन बुवा समोरासमोर बसतात आणि भजनातूनच एकमेकांची कोंडी करतात. ऐकणाराही तयारीचा लागतो. घाटावरच्यांनी लेझीम आणि तमाशा आणला. लालबागचं हनुमान थिएटर ही तमाशाची हक्काची जागा होती.

३. शाहिरी पुस्तकातून कळेल असं वाटत असेल, तर वाटू द्या. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले, गिरणीत राबले. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घरोघर पोचली. तिच्यातली मैना आधी गावी मागं राहिलेली बायको असते, आणि बघता बघता बेळगाव-कारवारचा प्रश्न होऊन बसते. खोलीत दहाजणांबरोबर राहणाऱ्या, बायको गावी ठेवून आलेल्या माणसाला राजकारण असंच समजावता येतं. एवढ्या हुशारीनं लिहिलेलं प्रचारगीत मला दुसरं ठाऊक नाही.

४. लालबागच्या मसाला गल्लीत उन्हाळ्यात जावं. पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला करून घ्यायला बायका मिरच्या घेऊन रांगेत असतात, मसाला कुटणाऱ्या डंकांचा ठेका चालू असतो. शिंका येतात. पुढं चिवडा गल्ली.

५. गणपती पाहायचा तर दर्शनाच्या रांगेत उभं राहू नये. त्याआधी काही आठवडे परळच्या मूर्तिशाळांत जावं. परांचीवर चढून माणसं मूर्तीला हात लावत असतात, आणि डोळ्यांची आखणी चालू असली की खालची पोरंही गप्प होतात. मग आगमनाच्या मिरवणुका, ढोल-ताशे, बेंजो. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्लीचा गणपती १९२८ चा आणि लालबागचा राजा १९३४ चा. राजाची कथा तर बाजाराचीच आहे. पेरू चाळीतला बाजार बंद पडला, कोळणी आणि छोटे व्यापारी उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला. जागा मिळाली आणि गणपती बसला. आज तिथं नट-नट्या येतात, पण त्याच्या मुळाशी मासळीची पाटी ठेवायला हक्काची जागा हवी होती, एवढंच मागणं आहे.

६. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगनं उभारलेलं. दिवसभर गिरणीत उभा राहिलेला माणूस रात्री इथं रंग लावून पुन्हा उभा राहायचा. २०२३ साली ते पुनर्विकासासाठी बंद झालं. कलावंतांनी आवाज उठवला, आणि तो उठवायलाच हवा होता.

७. १८ जानेवारी १९८२ पासून मागं-पुढं मोजायला शिकावं. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या बंद पडत गेल्या तशी पाळी गेली, तिच्यामागून खानावळी गेल्या, भजनी मंडळं विरळ झाली. फिनिक्स मिलमध्ये आता मॉल आहे, चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय. खरेदीला आलेल्यांनी मान वर करून ती बघावी, असा माझा आग्रह असतो. बहुतेकजण बघत नाहीत.

८. म्हाताऱ्यांना ‘इथल्या कलेबद्दल सांगा’ असं म्हटलं की ते गप्प बसतात. ‘काका, तुम्ही कुठल्या खात्यात होता?’ असं विचारावं. साचेखातं म्हटलं की आवाज चढतो, कारण मागांच्या खडखडाटात ओरडूनच बोलायची सवय. मी वऱ्हाडचा म्हटलं की कापूस निघतोच. खामगाव–जलंब रेल्वे १८७० साली कापसासाठीच टाकली, हे सांगायची संधी मीही सोडत नाही. कापसावरून गाडी पेटीवर, पखवाजावर, कुठल्या बुवानं कुणाला कसं अडवलं त्यावर यायला तासभर लागतो. तेवढा वेळ काढून जावं आणि चहाचे पैसे आपण द्यावेत.