नजर नंतर, टेप आधी

दुकानाच्या किल्ल्या तुझ्याकडे आल्या त्या दिवसापासून जो तो तुला सांगतोय, "काकांसारखी नजर कमव." ऐकून घे आणि सोडून दे. चार-दोन वर्षं बाजार फिरलं की नजर कुणालाही येते. इंग्लंडातून फ्रान्स-बेल्जियमला जुना माल शोधायला जाणारे कितीतरी दुकानदार त्यांच्या चांगल्या नजरेपायीच बुडाले. सुंदर वस्तू दिसली की हिशेब मागे पडतो. आपलं दुकान टिकलं ते बाजाराच्या मैदानावर सोडून दिलेल्या मालामुळे. म्हणून काय सोडायचं, ते आधी सांगतो.

बाजार ओळखून जा

पॅरिसच्या उत्तर वेशीवरचा सांतुआंचा बाजार शनिवार ते सोमवार भरतो. तिथल्या गाळ्यांत वस्तू घासूनपुसून, वायर बदलून, दिवे लावून मांडलेल्या असतात. आपण ज्या कामाचे पैसे कमावणार, ते काम तिथे आधीच झालेलं असतं. तिथे वहीत भाव टिपून घे, गिऱ्हाईक कुठे थांबतंय ते बघ आणि रिकाम्या हाताने बाहेर ये. पॅरिसमध्ये घ्यायचंच झालं तर शनिवार-रविवारी सकाळी व्हांवचा रस्त्यावरचा बाजार गाठ.

ब्रसेल्सच्या मारोल वस्तीत जू द बाल चौकातला बाजार रोज भरतो. घरं रिकामी करून देणारे लोक खोकी आणून दगडी फरसबंदीवर पसरतात. तिथे भाव कमी, कचरा जास्त. गुडघ्यावर बसून शोधायची तयारी असेल तरच जा. तोंगरनचा रविवारचा बाजार त्याहून नीटनेटका, पण सकाळी लवकर पोचलं पाहिजे. लीलचा मोठा बाजार सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी असतो. हॉटेलांबाहेर शिंपल्यांच्या टरफलांचे ढीग आणि रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. जत्रा म्हणून एकदा बघ. खरेदीला त्या गर्दीत व्हॅन घेऊन जाऊ नकोस.

आव्हिन्यों आणि बेझिए इथे फक्त व्यापाऱ्यांसाठी भरणारे बाजार आहेत. दाखवायला धंद्याचा कागद लागतो. ट्रकची दारं ठरल्या वेळी उघडतात आणि दुपारपर्यंत मैदान मोकळं होतं. सौदे मिनिटांत होतात, म्हणून नवशिक्याने पहिल्या वेळी नुसतं बघावं. उन्हाळ्यात गावोगावी भरणारे घरगुती अडगळीचे बाजार वेगळे. फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे सामान्य माणसाला अशा बाजारात वर्षातून दोनदाच विकता येतं, त्यामुळे तिथे खरोखर माळ्यावरून उतरलेला माल भेटतो. आबे पिएर यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या एमाउस संस्थेची जुन्या सामानाची दुकानंही वाटेवर असतील तर चुकवू नकोस.

पिशवीत काय हवं

टेप, चुंबक, टॉर्च, भिंग, पेचकस, जाड हातमोजे. सुट्ट्या नोटा वेगळ्या खिशात. व्हॅनमध्ये जुन्या गोधड्या, पट्टे, रिकामी खोकी. वहीच्या पहिल्या पानावर तीन मापं लिही: व्हॅनच्या मागच्या दाराची उंची-रुंदी, आतली लांबी आणि दुकानाच्या दाराची रुंदी. कारखान्यातलं टेबल मैदानावर लहान वाटतं. डोळ्यावर विसंबू नकोस, टेप लाव. वजनाचंही तेच. बिडाचे पाय असलेलं टेबल चढवायला चार माणसं मिळाली, तरी उतरवायला दुकानापाशी कोण आहे, हे तिथेच ठरव.

वस्तू काय काम करायची ते आधी

तुझे आजोबा परळच्या गिरणीत साचे चालवायचे. धोटा आणि कांडी मी शाळेत जायच्या आधी हातात घेतली. त्यामुळे लील-रूबेच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांतली लाकडी बॉबिनं बाजारात दिसली की, कोणती सूत घासून गुळगुळीत झाली आणि कोणती परवा लेथवर कातून रंगवली, हे मला बोटांनी कळतं. ही बोटं तुला कमवावी लागतील. त्याला उपाय संग्रहालयांचा. उत्तर फ्रान्समध्ये लेवार्दच्या खाण-संग्रहालयात जा. खाणकामगार कपडे साखळीच्या आकड्याला अडकवून छताशी ओढून ठेवायचे, ते तिथे दिसेल. त्या पट्ट्यातली शेवटची कोळशाची खाण १९९० मध्ये बंद झाली, आणि असे आकडे आता दिवाणखान्यात कोट टांगायला विकले जातात. आकड्याचं काम माहीत असलं की झीज कुठे असायला हवी ते कळतं: साखळी घासते तिथे. झीज भलत्याच जागी असेल तर वस्तू खाली ठेव.

खरं-खोटं

ही औद्योगिक वस्तूंची हौस वाढली तशा नकलाही वाढल्या. बर्गंडीतल्या ओतँ गावच्या ग्झाव्हिए पोशार यांची टोलिक्स खुर्ची, 'मॉडेल ए', १९३४ ची. पत्र्याची, एकावर एक रचता येणारी. तिच्या नकला जगभर आहेत, आणि खुद्द कंपनी आजही खुर्च्या बनवते. म्हणजे नाव खरं असलं तरी वय खरं असेलच असं नाही. खुर्ची उलटी कर. खालच्या बाजूचे जोड, जस्ताचा मुलामा, रंगाचे थर बघ. वरून झिजलेली आणि खालून कोरी खुर्ची संशयाची.

लियोंच्या झाँ-लुई डोमेक यांनी १९५० च्या सुमारास स्वतःच्या कारखान्यासाठी जिएल्दे दिवा बनवला. त्याच्या सांध्यांतून वायर जात नाही; वीज सांध्यातल्या गोल पट्ट्यांवरून पुढे जाते. सांध्यातून वायर बाहेर लोंबत असेल तर कुणीतरी उघडून जुगाड केलाय, तेवढे पैसे कापून बोल. बेर्नार-आल्बँ ग्रा यांनी १९२१ मध्ये पेटंट घेतलेला दिवाही आता नव्याने बनतो. त्याचा नवा नमुना जुना म्हणून गळ्यात मारून घेऊ नकोस.

इनॅमलच्या पाटीला मागून हात फिरव. जुनी पाटी जाड पोलादाची, मागेही इनॅमल असलेली आणि स्क्रूच्या भोकांपाशी टवके उडालेली असते. नकली पाटी पातळ पत्र्यावर छापलेली असते, आणि गंज नेमका शोभेल तिथेच. चार खाचांचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आला. १९०० सालची म्हणून सांगितलेल्या पेटीला तो दिसला तर निदान बिजागरी तरी बदललेली आहे. पितळ म्हणून सांगितलं तर चुंबक लाव. चिकटलं तर आत लोखंड आहे. लाकडाच्या भोकांतून ताजा फिकट भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. ते कपाट व्हॅनमधल्या बाकीच्या मालाशेजारी ठेवू नकोस.

हे फुकट दिलं तरी नको

जुन्या दिव्यांतल्या, प्रयोगशाळेच्या जाळ्यांवरच्या, भट्टीच्या दारांतल्या पांढुरक्या तंतूंच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतो. इंग्लंडात आणि युरोपात तसा माल विकणं बेकायदा आहे. १९६० च्या दशकापर्यंतच्या काही घड्याळांच्या आणि मापकांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. अंधारात तो चमकायचा थांबला तरी किरणोत्सर्ग थांबत नाही. काच उघडू नकोस, आणि खात्री नसेल तर घेऊच नकोस. जुन्या ट्यूबलाइटच्या फिटिंगमधले कपॅसिटर विषारी तेलाचे असू शकतात.

उत्तर फ्रान्सच्या बाजारांत पहिल्या महायुद्धातले तोफगोळे सर्रास मांडलेले दिसतील. विकणारा "निकामी केलाय" म्हणेल. त्याच्या शब्दावर जीव ठेवू नकोस. युरोस्टारमध्ये असा गोळा, निकामी केलेलासुद्धा, चालत नाही. हस्तिदंताची मूठ, हस्तिदंताचं जडावकाम दिसलं तरी सोड. इंग्लंडचा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे. थोड्या सवलती आहेत, पण त्या नोंदणीच्या भानगडीत आपल्यासारख्याने पडू नये. १९५० नंतरची गादीची खुर्ची १९८८ च्या आगीच्या नियमांत बसली पाहिजे. बसत नसेल तर नवं फोम आणि कापड यांचा खर्च आधी धर.

आणि चोरीचा वास येणारा माल: गावातली रस्त्याच्या नावाची पाटी, स्मशानातली स्मृतिपाटी, चर्चमधला देवदूत. कितीही स्वस्त असो, हात लावू नकोस. फ्रान्सच्या व्यापाऱ्याला घेतलेल्या जुन्या मालाची नोंदवही ठेवावी लागते. पावती द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नकोस.

भाव करताना

आधी "बोंजूर मादाम", "बोंजूर मसिए". हे न म्हणता थेट किंमत विचारणाऱ्याला तिथे उद्धट समजतात, आणि त्याची भरपाई किमतीत होते. वस्तूची निंदा करून भाव पाडू नकोस. तीन वस्तू एकत्र कर आणि तिन्हींचा मिळून शेवटचा भाव विचार. भाव सांगितल्यावर गप्प बस. शांतता त्याला जड होऊ दे. दुसऱ्याच्या हातात वस्तू असेल तर त्याने ती खाली ठेवेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा मैदानावरचा अलिखित नियम. आणि घ्यायचं नसेल तर किंमत पाडायला लावू नकोस. पुढच्या वर्षी तोच माणूस तिथेच उभा असतो.

उंची-लांबीचा अवजड माल दुपारी बघ. परत ट्रकवर चढवायचा कंटाळा विकणाऱ्याला दुपारीच येतो. छोटा, चांगला माल मात्र सकाळीच जातो.

हिशेब उलटा मांड

दुकानात किती पाउंडांना जाईल, इथून सुरुवात कर. समज, दिवा ३०० ला जाईल. तू १०० ला घेतलास. सरहद्दीवर साधारण २० चा व्हॅट, नवं वायरिंग आणि चाचणी ४५, फेरीच्या पेट्रोल-बोट-मुक्कामातला वाटा ४०. झाले २०५. उरलेल्या ९५ मधून भाडं, वीज, आणि दिवा विकला जाईपर्यंत अडकलेला पैसा. आता तोच दिवा १६० ला मिळत असेल तर हसून निरोप घे. वायरिंगला कधी कात्री लावू नकोस. पत्र्याच्या दिव्याला अर्थिंग हवंच.

१ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड आणि युरोपमध्ये सरहद्द पुन्हा आली. तुझा ईओआरआय, म्हणजे जकातीसाठीचा नोंदणी नंबर, हाताशी ठेव. माल २,५०० पाउंडांपेक्षा कमी किमतीचा आणि १,००० किलोंच्या आत असेल तर बरोबर आणताना सोपी ऑनलाइन नोंद चालते. त्यापुढे पूर्ण जकात-कागद. फ्रान्सच्या बाजूला निर्यातीची नोंदही लागते. आणखी एक, कस्टमच्या लेखी अँटिक म्हणजे १०० वर्षांपेक्षा जुनं. त्यावर आयातीचा व्हॅट प्रत्यक्षात ५ टक्केच पडतो. गिऱ्हाईक ज्याला अँटिक म्हणतं तो १९५० चा कारखान्यातला दिवा मात्र तिथे नुसता जुना माल, २० टक्के. आपल्यासारख्या व्हॅट-नोंदणी नसलेल्या दुकानाला तो परत मिळत नाही. रोखीचंही बघ: फ्रान्समध्ये व्यापाराच्या सौद्याला १,००० युरोंच्या वर रोख चालत नाही. लाकडी क्रेट मागवलास तर त्यावर उष्णतेची प्रक्रिया झाल्याचा 'एचटी' शिक्का बघ. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला असावा लागतो, कीड बरोबर येऊ नये म्हणून.

पुण्या-मुंबईचं काय?

तू विचारलंस, इथला माल पुण्यात पाठवून विकता येईल का, आणि चोरबाजारातून इथे आणता येईल का. भारतात जुना, वापरलेला माल आयात करायला, यंत्रसामग्री सोडली तर, सरकारी परवाना लागतो. कंटेनर भरून मग चौकशी करू नकोस. उलट दिशेला १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. १०० वर्षांपेक्षा जुनी पुरावस्तू आणि ७५ वर्षांपेक्षा जुनी महत्त्वाची हस्तलिखितं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. आजीच्या माळ्यावरचा पितळी समईचा जोडसुद्धा त्यात येऊ शकतो. तेव्हा कोणी "बॅगेत घालून ने" म्हणालं तर ऐकू नकोस.

दुकानात आल्यावर

पहिले दोन दिवस काही घासू नकोस. जुनेपणाची झिलई एकदा गेली की पुन्हा येत नाही, आणि गिऱ्हाईक पैसे तिचेच देतं. धूळ झटक, सैल स्क्रू आवळ, बस. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून सँडपेपर लावू नकोस, आणि तसं टेबल लहान मुलाच्या खोलीसाठी विकू नकोस. कारखान्याची नंबरपट्टी कधीही काढू नकोस. चिठ्ठीवर लिही: कुठे घेतलं, काय काम करायचं, काय बदललंय. "शेड जुनी, वायर नवी, पाया दुसऱ्या दिव्याचा", असं उघड लिहिल्याने वस्तू थोडी स्वस्त जाते, पण गिऱ्हाईक परत येतं.

प्रत्येक फेरीनंतर वहीत दोन याद्या कर: काय घेतलं आणि काय सोडलं. सोडलेल्या वस्तूचा भाव आणि सोडायचं कारणही लिही. वर्षाअखेर दोन्ही याद्या समोर ठेवून बस, आणि पुढच्या वर्षी कशाकडे पाठ फिरवायची ते ठरव.