कामगार टिकलाय, पण मन लागलंय का? निष्ठा मोजायची सोपी पद्धत



"माझ्याकडची पोरं पाच वर्षं झाली, कुठं गेली नाहीत." नागापूर एमआयडीसी असो की सुपा, छोटे मालक हे अभिमानानं सांगतात. पण टिकणं म्हणजे निष्ठा नव्हे. आपल्या पाथर्डी भागातले ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. याला निष्ठा म्हणाल का? तुमच्या वर्कशॉपमधला माणूसही उचलीमुळेच थांबला असेल, तर ते वेळेवर कळायला हवं.

निष्ठेचे तीन भाग

कॅनडातल्या नॅटली ॲलन आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये यासाठी २४ वाक्यांची प्रश्नावली मांडली. त्यांचे तीन भाग असे:

१. मनाची – इथं राहावंसं वाटतं.
२. गरजेची – सोडलं तर नुकसान होईल.
३. कर्तव्याची – सोडणं बरोबर नाही.

पुढच्या अभ्यासांत दिसलं की हजेरी आणि चांगलं काम यांचं सगळ्यात जवळचं नातं पहिल्या भागाशी आहे. नुसत्या गरजेनं थांबलेला माणूस जास्त चांगलं काम करतो, असं दिसलं नाही.

तुमच्याकडे कसं मोजाल?

प्रत्येक भागासाठी दोन-तीन साधी वाक्यं लिहा. उदाहरणार्थ:

- भावानं काम मागितलं, तर त्याला मी इथंच आणीन. (मन)
- आत्ता काम सोडणं मला परवडणार नाही. (गरज)
- अडचणीत मालकांनी साथ दिली, म्हणून सोडणं पटत नाही. (कर्तव्य)

प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण. १ म्हणजे अजिबात पटत नाही, ५ म्हणजे पूर्ण पटतं.

हे नक्की पाळा

- चिठ्ठीवर नाव नको, फक्त खूण. चार-सहा माणसांत अक्षर लगेच ओळखू येतं.
- चिठ्ठ्या तुम्ही उघडू नका, बाहेरच्या विश्वासू माणसाकडून बेरीज करून घ्या.
- दिवाळी बोनसच्या आठवड्यात मोजू नका, गुण फुगतात.
- तिन्ही भागांची सरासरी वेगवेगळी काढा. एकत्र केली की खरं चित्र झाकलं जातं.

समजा गरज ४.५ आली आणि मन २, तर सावध व्हा! उचल फिटली की माणूस जाणार. अशा वेळी उचल वाढवू नका. पगाराची तारीख पाळा, नवं मशीन शिकवा, त्यांचं म्हणणं ऐका. एक गोष्ट बदला आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमची सहा वाक्यं लिहून काढा. चला, कामाला लागा!