सही आपली, दंड लेकीचा

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतली एक आई ओट्यावर येऊन बसली. पदराच्या गाठीत चार घड्या घातलेला कागद. लेक सातवीत शिकते, तिच्याच शाळेतून आलेला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरची लस, मुलीचं नाव, इयत्ता आणि तळाशी ठिपक्यांची एक ओळ, 'पालकाची सही'.

"बाई, करू का नोको, तुमीच सांगा. ह्यांच्या मोबाईलवर आलं का या लसीनं पोरीले पुढं लेकरू होत नाई. मंग दुसरं आलं, लस नोको म्हननारे देशाचे दुश्मन हायेत. आता कोनाचं आयकाव म्या?"

मी तिला 'कर' म्हटलं नाही आणि 'नको' असंही म्हटलं नाही. बत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईनं असं गप्प बसावं, याचं तिला नवल वाटलं असेल. पण या ठिपक्यांच्या ओळीचं माझ्यावर एक जुनं देणं आहे, आणि जुन्या शहरातल्या तुम्हा सगळ्या आईबाबांना ते एकदा सांगून टाकावं असं मनात आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना एक डोस. मी तेव्हा वर्गशिक्षिका होते. पोरांच्या वहीत एवढंच लिहून दिलं, 'उद्या शाळेत लस आहे. पाल्यास जेवण देऊन पाठवावे.' दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातले निम्मे बाक रिकामे. मधल्या सुटीत एक वडील आले, हमाली करणारे, खांद्यावर दुपट्टा. म्हणाले, "पोरगी माही हाय. तिले सुई टोचाची होती तं मले इचारलं का तुमी?" मला राग आला. सरकार फुकट देतंय, पोरीच्याच भल्याचं आहे आणि हा माणूस हुज्जत घालतोय! त्यांनी पोरीचं दप्तर उचललं आणि तिला घेऊन गेले.

दोन महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानं तिथल्या शाळांमधल्या याच मोहिमेबद्दल निकाल दिला. पालकांच्या संमतीशिवाय मुलांना लस देता येणार नाही, फायद्याबरोबर दुष्परिणामही सांगा, असं त्यात होतं. पेपरात वाचलं आणि ते हमाल दादा डोळ्यांपुढे उभे राहिले. न्यायमूर्तींनी जे इंग्रजीत लिहिलं, ते हा माणूस मला आधीच वऱ्हाडीत सांगून गेला होता. त्या मुलीनं पुढे लस घेतली की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी विचारायलाच गेले नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याला अडाणीपणा समजले.

आता ओट्यावरच्या त्या कागदाकडे वळू. या लसीचं भांडण जुनं आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना ती देण्यात आली. 'पाथ' ही परदेशी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन्ही राज्य सरकारं मिळून हा प्रकल्प चालवत होती. लस परदेशी कंपन्यांनी फुकट दिलेली. मुली बहुतेक गरीब घरच्या, कित्येक आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या. त्यातल्या सात जणी नंतर दगावल्या. एकीला साप चावला होता, एक पाण्यात बुडाली, दोघींनी कीटकनाशक प्यायलं होतं. हे मृत्यू लसीमुळे झालेले नाहीत, असं चौकशीत निघालं. पण त्याच चौकशीत संमतीचे कागदही उघडले गेले. खम्ममचे ९,५४३ कागद पाहिले, तर १,९४८ वर नुसते अंगठे आणि २,७६३ वर चक्क वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या.

गहजब झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं काम थांबवलं. माकपच्या वृंदा करात यांनी हा प्रश्न लावून धरला. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं आयुर्विज्ञान संशोधन परिषदेवर आणि औषध नियंत्रकांवर कडक ताशेरे ओढले. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये लसीकरणाच्या राष्ट्रीय सल्लागार गटानं ही लस घ्यावी अशी शिफारस केली, तेव्हा विरोधाला उभा राहिला स्वदेशी जागरण मंच. एरवी एका सतरंजीवर न बसणारे हे दोन झेंडे इथे एका बाजूला आले. त्यांचे सगळेच आक्षेप खोटे होते असं नाही. संमतीचा आक्षेप तर सोळा आणे खरा होता. पण मला एक गोष्ट सलते. लस टोचताना त्या मुलींच्या आयांना कुणी नीट विचारलं नव्हतं, आणि लस बंद करतानाही विचारलं नाही. त्या वर्षी बारा वर्षांची असलेली पोर आज बाई झाली आहे, आणि बहुधा त्या लसीविनाच.

याच गोंधळात आपल्या महाराष्ट्रात एक विलक्षण गोष्ट घडली. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी आणि पुणे धरून देशात नऊ ठिकाणी तेव्हा एक वेगळा अभ्यास चालू होता. या लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढंच पाहायचं होतं. २०१० च्या बंदीनं तोही अर्ध्यात थांबला. हजारो मुलींचा एकच डोस झाला होता, तो एकच राहिला. पण डॉक्टरांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही. वर्षानुवर्षं त्या गावांत जाऊन तपासण्या करत राहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या दोन प्रकारच्या विषाणूंमुळे हा कर्करोग सर्वाधिक होतो, त्यांचा अंगात ठाण मांडणारा संसर्ग एका डोसनंही दहा वर्षांपर्यंत सुमारे ९५ टक्के टळला होता. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ ते वीस वयाच्या मुलींना एक डोसही चालेल, असं सांगितलं. जगभरातल्या मुलींची एक-दोन सुया टोचून घेण्यातून सुटका झाली, त्यात बार्शीच्या पोरींचा वाटा आहे. ते ना हो म्हणणाऱ्यांचं श्रेय, ना नाही म्हणणाऱ्यांचं.

अशी ओढाताण फक्त आपल्याकडेच होते असं समजू नका. जपाननं २०१३ मध्ये तक्रारींच्या दबावाखाली या लसीची शिफारस थांबवली. दहातल्या सात मुली लस घेत होत्या, तिथे शंभरात एकही घेईना. शिफारस पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात २०२१ मध्ये लसीकरण विभागाच्या प्रमुख डॉ. मिशेल फिस्कस यांनी किशोरवयीनांना पालकांच्या संमतीविनाही उपचार देता येतात, हा तिथला जुना न्यायालयीन दंडक कोविडच्या लशीसंदर्भात डॉक्टरांना कळवला. राजकारणी खवळले आणि त्यांची नोकरी गेली. पोरांच्या लशीवरून मोठ्यांनी भांडायचं, ही रीत सगळीकडची.

आता बायाबायांचं बोलू. त्या आईनं आवाज बारीक करून विचारलं, "बाई, हा आजार तसल्या संबंधातून होते म्हने. मंग आमच्या पोरीवर संशय घेतेत काय?" नाही गं माय. हा विषाणू संबंधातून येतो हे खरं, पण लग्न करून सरळ संसार करणाऱ्या बाईलाही तो नवऱ्याकडून येऊ शकतो. म्हणूनच लस त्याच्या खूप आधी, नऊ ते चौदा वयात द्यायची. पाऊस येण्याआधी कौलं शाकारतो, तसं. लेकरू न होण्याची जी गोष्ट मोबाईलवर फिरते, तिला जगभर कोट्यवधी मुलींना लस देऊनही आधार सापडलेला नाही. उलट ज्या आजारात बाईची पिशवीच काढावी लागते, तो ही लस टाळते. २०२२ च्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायांना हा कर्करोग होतो आणि ८० हजारांच्या आसपास दगावतात. त्या गेल्यावर घरातली चूल कशी विझते, हे जुन्या शहरात कुणाला वेगळं सांगायला नको.

मोबाईलवरच्या एका पोस्टनं काय होतं, हे मे २०२३ च्या दंगलीत आपण याच गल्ल्यांत दाराला कड्या लावून भोगलं. तेव्हा ते मोबाईलवरचं बाजूला ठेवा आणि नर्सबाईंना, आशाताईंना समोरासमोर विचारा. कोणती लस आहे, किती डोस? दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवणार ना? या वयातल्या पोरींना सुईच्या धास्तीनं भोवळ येते, म्हणून हे विचारायचं. ताप आला, दंड सुजला, तर फोन कुणाला करायचा? मुलीला एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, मोठा आजार असेल, दिवस गेलेले असतील, तर ते आपण होऊन सांगा. लसीची बळजबरी कुणावर करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे विचारण्याचा हक्क तुमचा आहे. पण विचारायचं ते समजून घेण्यासाठी, टाळण्यासाठी नव्हे. आणि हो, लेकीला लस दिली म्हणजे आईचं काम झालं असं नाही. तिशी ओलांडलेल्या बाईनं स्वतःची तपासणी करून घ्यायची असते. ती आपण सगळ्या उद्यावर टाकतो.

माझं मत विचाराल, तर माझी नात असती तर मी सही केली असती. हे मी त्या आईला शेवटी सांगितलंच. पण माझी सही तिच्या कामाची नाही.

एवढा वेळ तिची लेक ओट्याच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. तिच्याच दंडाचं बोलणं चाललं होतं आणि तिला कुणी एक शब्द विचारला नव्हता, मीही नाही. मी तिला वही काढायला लावली. म्हटलं, उद्या सिस्टरला काय विचारायचं ते तू लिही. तिनं जरा वेळ पेन चावलं आणि लिहिलं, '१. दुखते का? २. एकच डोस हाय का?' मग आईकडे पाहिलं आणि आणखी एक ओळ लिहिली, '३. माह्या आईची तपासनी कुठं करतेत?'

आईनं तो कागद परत पदरात बांधला. ठिपक्यांची ओळ अजून रिकामीच होती.