किल्ली, कायदा आणि थांबण्याचे अंतर

शिकवणीला उशीर झाला आहे, आईची स्कूटर दारात उभी आहे आणि किल्ली खुंटीला टांगलेली आहे. स्कूटर चालवणे तुम्हाला येतेही. मग कायदा तुम्हाला का अडवतो?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या चौथ्या कलमानुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवता येत नाही. यास एकच सवलत आहे. इंजिनाची क्षमता ५० घन सेंटिमीटरपेक्षा अधिक नसेल, तर अशी दुचाकी सोळाव्या वर्षानंतर परवाना काढून चालवता येते. पण आज घरोघरी दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटरची क्षमता बहुधा ११० किंवा १२५ घन सेंटिमीटर असते. म्हणजे ती या सवलतीत बसत नाही.

आता थोडे गणित करू. समजा, स्कूटरचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे. एक मूल अचानक रस्त्यात आले. ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरू. तेवढ्यात स्कूटर १० मीटर पुढे गेली. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असे मानल्यास, ती आणखी १० मीटर जाऊन थांबेल. एकूण अंतर २० मीटर.

वेग दुप्पट करा. आता पहिल्या सेकंदातील अंतर २० मीटर होईल. पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते चौपट, म्हणजे ४० मीटर होईल. एकूण ६० मीटर! वेग दुप्पट, अंतर तिप्पट.

हे गणित चालकाचे वय विचारत नाही. मग वयाची अट कशासाठी? वेग किती ठेवायचा, हे चालक ठरवतो म्हणून. धोका तोलून मनाला आवर घालण्याचे काम मेंदूच्या पुढील भागाशी निगडित आहे आणि त्याची वाढ विशीनंतरही काही वर्षे चालू राहते. मागे बसलेला मित्र ‘अजून पळव!’ म्हणतो, तेव्हा हा आवर अधिकच सैल होतो. अर्थात, अठराव्या वाढदिवशी कोणी एकाएकी शहाणा होत नाही. कोठेतरी रेषा आखावी लागते. ती समाजाने येथे आखली आहे.

रेषा ओलांडली तर? २०१९ मध्ये कायद्यात १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. मुलाने आपल्या नकळत गाडी नेली, किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे त्याला सिद्ध करता आले नाही, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. किल्ली तुम्ही उचलता. न्यायालयात उभी राहते आई.

एक प्रयोग करून पाहा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेजवळ बोटे उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. २० सेंटिमीटरवर पकडलीत, तर सुमारे ०.२ सेकंद गेला. वाट पाहत असताना एवढा वेळ लागतो. मग बेसावध असताना किती लागेल?