सहा महिन्यांनंतरचं रील

गळाच्या रीलमध्ये सगळ्यात आधी मरतो तो लाइन रोलर. दोरी स्पूलवर जाण्याआधी ज्याच्यावरून वळते तो हा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. समुद्रातून ओढलेल्या दोरीतलं खारं पाणी पहिल्यांदा त्याच्यावर पिळलं जातं. आतली बेअरिंग गंजली की रोलर फिरायचा थांबतो, दोरी त्याच्यावर घासत राहते आणि ऐन माशाच्या ओढीत तुटते. नाव मात्र दोरीचं खराब होतं.

वालीवच्या कारखान्यात मी फिटर होतो. निवृत्तीनंतर विरारच्या घरी रीलं उघडायला लागलो. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्यांवर गळ टाकणारी पोरं अडलेलं रील घेऊन येतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "काका, व्हिडिओत तर तो म्हणाला होता, खाऱ्या पाण्यात बिनधास्त चालतं."

म्हणाला असेल. आणि बहुतेक वेळा तो खोटंही बोललेला नसतो, हीच यातली गोम आहे.

ती मला कळली एका विक्रेत्याच्या फोनमुळे. मी रीलं उघडतो हे त्याला कुठूनतरी समजलं होतं. एक रील पाठवतो, कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवा, फिटर माणसानं उघडलं म्हटलं की लोक विश्वास ठेवतात, असं त्याचं म्हणणं. अटी व्हॉट्सअॅपवर आल्या. रील कायमचं माझं. व्हिडिओ पंधरा दिवसांत हवा. त्यात दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव नको. खाली त्यांची लिंक आणि माझ्या नावाचा सवलतीचा कोड. तो वापरून कुणी खरेदी केली की मला कमिशन. व्हिडिओ टाकण्याआधी त्यांना दाखवायचा. खोटं बोला, असं त्यात कुठेही नव्हतं. मी म्हटलं, सहा महिने अर्नाळ्याला वापरतो, मग उघडतो आणि जे दिसेल ते सांगतो. त्यावर तो मनापासून हसला. "काका, सहा महिन्यांत हे मॉडेलच बंद होईल!"

रील मी घेतलं नाही. पण ते वाक्य डोक्यात बसलं, कारण सगळा हिशोब त्यात आहे. पहिल्या पंधरवड्यात कुठलंही रील लोण्यासारखं फिरतं. ग्रीस ताजं असतं, मीठ अजून आत पोचलेलं नसतं, दात झिजलेले नसतात. वजन किती, हँडल हलतं का, बेल म्हणजे दोरी स्पूलवर घेणारी तारेची कमान नीट मिटते का, एवढंच तेव्हा सांगता येतं आणि सांगणारे ते प्रामाणिकपणे सांगतात. जस्ताच्या ओतीव मुख्य गिअरचे दात पुढच्या मोसमात कसे दिसतील, ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढताना दोरी सोडणाऱ्या ब्रेकचा, फेल्ट वॉशर खारं पाणी पिऊन कसा अडकेल, हे त्यांनाही ठाऊक नसतं. तोवर त्यांच्या हातात दुसरं, नवं रील आलेलं असतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. व्हिडिओत मागे कुठलं पाणी दिसतंय ते आधी बघावं. एक तर तलाव किंवा धरण असतं, पवईला कणकेच्या गोळ्यावर कटला-रोहू धरतात तसलं. नाहीतर अंदमानचं निळं, तळ दिसणारं पाणी आणि भाड्याची बोट. आपल्याकडे यातलं काहीच नाही. वसईच्या खाडीत उल्हास नदीचा गाळ येतो, अर्नाळ्याच्या उत्तरेला वैतरणा समुद्राला मिळते. पाणी बाराही महिने गढूळ. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटरच्या वर जातं आणि खाडीच्या तोंडाशी ओढ अशी लागते की हलकं शिसं जागेवर ठरतच नाही. खडकांवर कालवं. त्यांच्या धारेला ताणलेली ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी एकदा लागली की संपली. म्हणून पुढे जाड, एकसंध मोनो दोरीचा तुकडा, म्हणजे लीडर, लागतोच. आणि कळंबसारख्या किनाऱ्यावर काठी क्षणभर आडवी ठेवली की बारीक वाळू रीलच्या प्रत्येक फटीत.

अशा ठिकाणी तलावावर वाखाणलेली काठी काय करणार? नालासोपाऱ्याच्या एका पोरानं पहिल्या पगारातून जास्त टनाच्या कार्बनची हलकी काठी घेतली होती. बुंध्याशी स्पष्ट छापलेलं : 15 ते 40 ग्रॅम. भुईगावच्या ओढीत ठरावं म्हणून त्यानं शंभर ग्रॅमचं शिसं बांधलं आणि जोर लावून फेकलं. काठी मधोमध मोडली. व्हिडिओवाल्यानं "हलकी, कडक, संवेदनशील" म्हटलं होतं आणि ते खरंच होतं. कार्बन जितका जास्त टनाचा तितकी काठी हलकी आणि ताठ होते. पण तितकीच ठिसूळही, हे वाक्य त्याच्या बोलण्यात नव्हतं. असल्या काठीला खडकाची ठोकर लागली तर आतली चीर डोळ्यांना दिसतही नाही. (त्यातून तो ती विरार लोकलच्या गर्दीतून नेत होता. त्या डब्यात माणसं धड राहत नाहीत, तिथे कार्बनचं काय!)

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण फसगत तिथेच होते. खोक्यावर "कमाल ड्रॅग 10 किलो" लिहिलेलं असतं आणि व्हिडिओत ते दोनदा मोठ्यानं वाचलं जातं. आता हिशोब करा. तुमची दोरी 20 पौंडांची, म्हणजे साधारण 9 किलोची. ड्रॅग लावायचा तो दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे सव्वादोन ते तीन किलोवर. मग 10 किलोचा ड्रॅग कशाला हवा? विचारायचं ते वेगळंच : दोन-अडीच किलोवर लावलेला ड्रॅग मासा पळताना एकसारखा सुटतो की झटके देतो? हे घरी तपासता येतं. दोरीचं टोक हुकाच्या वजनकाट्याला बांधा, काठी वाकवून हळूहळू ओढायला सांगा आणि काटा बघत राहा. काटा स्थिर राहिला तर रील कामाचं. तो वरखाली उड्या मारत असेल तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, जिताडा एका झटक्यात दोरी तोडून नेईल.

बेअरिंगची संख्या तर मी वाचतही नाही. तेरा साध्या बेअरिंगपेक्षा चार-पाच झाकलेल्या, गंजरोधक बेअरिंग आपल्या पाण्यात जास्त टिकतात. तेरा असतील तर गंजायला तेरा जागा. रीलच्या मापाचे 3000, 4000 हे आकडेही सगळ्या कंपन्यांत सारखे नसतात. त्याऐवजी स्पूलवर कुठल्या जाडीची दोरी किती मीटर बसते ते बघा. दोरीचंही तसंच. स्वस्त ब्रेडवर पौंड हवे तेवढे छापलेले असतात, म्हणून जाडी विचारा. जपानी मोजणीत पीई 1 म्हणजे सुमारे 0.165 मिलिमीटर, त्यावरून बाकीचा अंदाज बांधता येतो.

कायदा या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जाहिरात क्षेत्राच्या अॅस्की या स्वनियमन संस्थेनं 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले. मग केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींबाबत मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आणि जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका आणली. पैसे घेतले असोत, फुकट वस्तू, सवलत किंवा सहल मिळालेली असो, कंपनीत नात्याचं माणूस असो, ते ठळकपणे सांगायचं. व्हिडिओत तर अक्षरांतही आणि तोंडानंही. वस्तू स्वतः वापरलेली असावी, अशीही त्यात अपेक्षा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणाऱ्यावर वर्षभर बंदीही येऊ शकते. फसवणूक झाली असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी बिल आणि त्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

पण "सशुल्क भागीदारी" ही पाटी दिसली म्हणून व्हिडिओ बंद करू नका. रील फुकट मिळालंय असं सुरुवातीलाच सांगणाऱ्यावर माझा विश्वास जास्त बसतो. जो नुसताच "मित्रांनो, लिंक खाली दिली आहे" म्हणतो त्याच्यापेक्षा तरी नक्कीच. शिवाय ज्यानं स्वतःचे अठरा हजार मोजलेत तोही सरळ बोलेलच असं नाही. एवढे पैसे घातल्यावर रील सामान्य निघालं, हे बायकोला सांगवत नाही, तर जगाला कोण सांगणार! आणि माझंही मत तपासून घ्या. माझ्याकडे बिघडलेलीच रीलं येतात. जे वर्षानुवर्षं छान चाललंय ते माझ्या टेबलावर येणारच कसं?

म्हणून खरेदीआधी एक फेरी अर्नाळ्याला किंवा पाचूबंदरला मारा. ओहोटी संपून भरती लागते त्या सुमाराला खडकावर उभ्या असलेल्यांच्या हातातली रीलं बघा. रंग उडालेलं, हँडलची मूठ झिजलेली आणि तरी फिरणारं रील दिसलं की त्याला विचारा : कधी घेतलं, काय बदललं, सुटा भाग कुठे मिळाला? हा शेवटचा प्रश्न मी एकाही व्हिडिओत ऐकलेला नाही. बेलची स्प्रिंग तुटली आणि ती भारतात मिळतच नसेल तर चार हजारांचं रील पाव किलोचं भंगार होतं. एखादा जाणता भाऊ रील न वापरता नुसत्या हातदोरीला जिवंत कोळंबी लावून बसलेला असतो. त्याच्या पिशवीत काय आहे तेही बघून घ्या. खर्चाचा अंदाज जरा जमिनीवर येतो.

व्हिडिओ गाठी शिकायला उत्तम. ब्रेडला लीडर जोडायची एफजी गाठ मी तिथेच शिकलो, आणि ती दाखवणाऱ्यानं काही विकलं नव्हतं.

रील कुठलंही घ्या, घरी आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा. धुण्याआधी ड्रॅगची चकती पूर्ण घट्ट करा, म्हणजे पाणी वॉशरमध्ये शिरत नाही. नळ बारीक ठेवा. जोराच्या फवाऱ्यानं मीठ उलट आत ढकललं जातं. मग पुसून सावलीत वाळवा, लाइन रोलरवर तेलाचा एक थेंब सोडा आणि ड्रॅग परत सैल करून ठेवा.